जबरीचं इनलाइन कुठे लागतं, कुठे नडतं

या वेळी कोल्हापूर परिसरातून आलेल्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं: लिनक्स कर्नल बिल्ड करताना येणाऱ्या वॉर्निंग्ज, आणि त्या घालवायला फंक्शनवर ‘__ऑल्वेज_इनलाइन’ लावावं की लावू नये. इनलाइन करणं म्हणजे फंक्शन वेगळं न ठेवता त्याचा कोड बोलावणाऱ्याच्या आतच बसवणं; ही खूण कंपायलरला तशी सक्ती करते. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. कोडमधली नावं छपाईसाठी देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती मूळ स्पेलिंगने, अंडरस्कोर आणि टिंबं जिथल्या तिथे ठेवून टाइप करावीत.

प्रश्न: आमच्या कंट्रोल पॅनेलमधल्या इंडस्ट्रियल पीसीसाठी आम्ही ६.६ कर्नल क्लँग या कंपायलरने बिल्ड करतो. शेवटच्या टप्प्यात मॉडपोस्ट हा कर्नलचा तपासणी करणारा प्रोग्रॅम तक्रार करतो की .टेक्स्ट सेक्शनमधल्या (सेक्शन म्हणजे बिल्ड झालेल्या फाईलमधला कप्पा) ‘सीपीयूमास्क_अँडनॉट’मधून .इनिट.डेटा सेक्शनमधल्या ‘टीएमपी_मास्क’कडे रेफरन्स जातोय, म्हणजे सेक्शन मिसमॅच. हेडर उघडून पाहिलं तर त्या फंक्शनमध्ये टीएमपी_मास्कचं नावसुद्धा नाही. ते फक्त तीन पॉइंटर घेतं. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने बिल्ड केलं की वॉर्निंग नाही. चूक नक्की कुणाची?
– एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर: चूक तुमची नाही आणि मॉडपोस्टचीही नाही. तुम्ही शिरोलीत आहात, तेव्हा फाउंड्रीचंच उदाहरण घेऊ. वाळूचा साचा ओतकामापुरता असतो. धातू थंड झाला की नॉकआउटला साचा फुटतो आणि वाळू पुन्हा वापरात जाते. कर्नलमध्ये ‘__इनिट’ लावलेली फंक्शन्स आणि ‘__इनिटडेटा’ लावलेले व्हेरिएबल्स हा तसाच साचा आहे. बूट पुरं झालं की कर्नल ती मेमरी मोकळी करून इतर कामाला देतो. बूटचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ‘फ्रीइंग अनयूज्ड कर्नल इमेज’ अशी ओळ दिसते ती हीच. आता .टेक्स्टमधल्या, म्हणजे कायम राहणाऱ्या, कोडने त्या जागेचा पत्ता धरून ठेवला आणि बूटनंतर तो वापरला, तर तिथे तोवर दुसऱ्याच कुणाचा डेटा असेल. म्हणून मॉडपोस्ट सगळे रिलोकेशन, म्हणजे कोडमध्ये कुठे कोणाचा पत्ता भरायचा याच्या नोंदी, तपासतो आणि कायमच्या सेक्शनमधून तात्पुरत्या सेक्शनकडे गेलेला प्रत्येक पत्ता दाखवतो.

मग हेडरमध्ये नसलेला पत्ता आला कुठून? कर्नल फोल्डरमधल्या सीपीयू.सी फाईलमध्ये ‘सीपीयूएचपी_ब्रिंगअप_सीपीयूज_पॅरलल’ नावाचं __इनिट फंक्शन आहे. त्यात टीएमपी_मास्क हा स्टॅटिक आणि __इनिटडेटा असा मास्क, म्हणजे बिटांचा संच, आहे, आणि त्याचा पत्ता सीपीयूमास्क_अँडनॉटला पहिला आर्ग्युमेंट म्हणून दिला जातो. हेडरमधल्या ‘स्टॅटिक इनलाइन’ फंक्शनची प्रत्येक सी फाईलमध्ये स्वतंत्र प्रत तयार होऊ शकते. क्लँगने इथे इनलाइन करायचं नाही असं ठरवलं आणि फंक्शनची सुटी प्रत काढली. पुढे त्याच्या लक्षात आलं की या फाईलमध्ये या प्रतीला बोलावणारे सगळे एकच पत्ता देतात. मग तो पत्ता आर्ग्युमेंटमधून पाठवायची गरजच काय? त्याने तो थेट फंक्शनच्या पोटात कोरून टाकला. आता सुटी प्रत .टेक्स्टमध्ये आणि तिच्या पोटात .इनिट.डेटामधला पत्ता. मॉडपोस्टने पाहिलं ते हे.

प्रत्यक्षात बिघाड होत नाही, कारण त्या प्रतीला बोलावणारं फंक्शन स्वतःच __इनिट आहे. बूटनंतर तिच्याकडे कुणी जात नाही. पण कोण कुणाला बोलावतं हे मॉडपोस्ट शोधत नाही. त्याला फक्त ‘या सेक्शनमधून त्या सेक्शनकडे’ एवढंच दिसतं. जीसीसीही हीच युक्ती करतो. त्याने अशी प्रत काढली की नावाला ‘.कॉन्स्टप्रॉप’ असं शेपूट लागतं. तुमच्या कॉन्फिगमध्ये त्याने ते फंक्शन इनलाइन केलं म्हणून तो गप्प राहिला, एवढंच. कॉन्फिग बदललं तर तोही बोलेल.

आधी खात्री करून घ्या. ‘मेक एलएलव्हीएम=१ कर्नल/सीपीयू.ओ’ एवढीच फाईल बिल्ड करा आणि तिच्यावर ‘एनएम’ हे फाईलमधली नावं दाखवणारं साधन चालवून सीपीयूमास्क_अँडनॉट शोधा. नावापुढे स्मॉल लेटरमधला ‘टी’ दिसला तर सुटी प्रत आहे. मग ‘ऑब्जडंप’ डीआर पर्यायासह चालवा, म्हणजे डिसअसेंब्लीबरोबर रिलोकेशनही दिसतील. त्या प्रतीच्या आत .इनिट.डेटाचं रिलोकेशन डोळ्यांनी पाहा. हे पाहिल्याशिवाय फंक्शनला हात लावू नका. दुरुस्तीनंतर तीच एनएम कमांड पुन्हा चालवा. ती ओळ गेली पाहिजे.

दुरुस्ती म्हणजे फंक्शनच्या व्याख्येतलं ‘स्टॅटिक इनलाइन’ काढून ‘स्टॅटिक __ऑल्वेज_इनलाइन’ करणं. इथे एक खाच आहे, आणि तिच्यात बरेच जण अडकतात. सीपीयूमास्क_अँडनॉट आत ‘बिटमॅप_अँडनॉट’ला बोलावतं. वरच्याला जबरदस्ती केली आणि आतल्याला मोकळं सोडलं, तर कंपायलर आतल्याची सुटी प्रत काढून तोच पत्ता तिच्या पोटात घालू शकतो. वॉर्निंग तीच, फक्त नाव बदललेलं. म्हणून मूळ कर्नलमध्ये हे काम एका फंक्शनपुरतं केलं नाही. सीपीयूमास्क, बिटमॅप, नोडमास्क आणि फाइंड या हेडर्समधली छोटी फंक्शन्स सरसकट __ऑल्वेज_इनलाइन केली. तो बदल २०२४ मध्ये ६.१२ कर्नलमध्ये गेला. तुम्ही ६.६ वरच राहणार असाल तर त्या हेडर्सचे पॅच एकत्रच घ्या, सुटे घेऊ नका.

आणि प्रत्येक सेक्शन मिसमॅचवर हाच इलाज नाही. मदतनीस फंक्शन फक्त बूटच्या वेळीच वापरलं जात असेल तर त्यालाच __इनिट लावा. तो जास्त सरळ उपाय आहे. कायमचं फंक्शन इनिटमधल्या गोष्टीकडे जातं, पण बूटनंतर कधीही जाणार नाही याची कोडमध्येच हमी असेल, तर ‘__रेफ’ आहे. पण __रेफ म्हणजे मॉडपोस्टला ‘इकडे बघू नकोस’ असं सांगणं. ते लावताना वर कॉमेंट लिहून कारण द्या. ‘सेक्शन_मिसमॅच_वॉर्न_ओन्ली’ हा पर्याय डीफॉल्टने चालू असतो, म्हणून बिल्ड थांबत नाही आणि वॉर्निंग शेकडो ओळींत हरवते. तुमच्या बिल्ड मशीनवर तो बंद ठेवा. म्हणजे मिसमॅच हा एरर होईल आणि खरा मिसमॅच सुटणार नाही.

प्रश्न: ‘इनलाइन’ हा शब्द लिहूनही कंपायलर तो का मानत नाही? जुन्या कर्नलमध्ये असं होत नव्हतं असं सीनियर सांगतात. ते खरं आहे का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर: खरं आहे. सी भाषेत इनलाइन ही विनंती आहे, हुकूम नाही. पण कर्नलने बराच काळ मॅक्रोने या शब्दाचा अर्थच बदलून ठेवला होता: बहुतेक आर्किटेक्चरवर ‘इनलाइन’ लिहिलं की ‘ऑल्वेज इनलाइन’ हा ॲट्रिब्यूट आपोआप चिकटायचा. कंपायलरला निर्णय घेऊ देणारं ‘ऑप्टिमाइझ_इनलायनिंग’ हे कॉन्फिग सुरुवातीला एक्स८६ पुरतं होतं. २०१९ मध्ये ५.२ कर्नलात ते सगळ्या आर्किटेक्चरना खुलं झालं, त्याच वर्षी ५.४ मध्ये सक्तीने चालू झालं, आणि २०२० मध्ये ५.७ पासून ते कॉन्फिगच काढून टाकलं. तेव्हापासून इनलाइन म्हणजे खरोखर विनंती आणि __ऑल्वेज_इनलाइन म्हणजे हुकूम. ज्या फंक्शन्सचा बरोबरपणा जुन्या सक्तीवर अवलंबून होता, ती सगळी एकेक करून उघडी पडली. आजच्या वॉर्निंग्जपैकी पुष्कळशांचं मूळ इथे आहे.

कंपायलर ठरवतो कसा? फंक्शन किती इन्स्ट्रक्शन्सचं होईल याचा तो अंदाज बांधतो आणि एका मर्यादेशी ताडून पाहतो. केसॅन, यूबीसॅन, केकोव्ह अशी तपासणीची साधनं चालू केली की प्रत्येक मेमरी वाचनामागे जादा कोड येतो, अंदाज फुगतो आणि काल इनलाइन झालेलं फंक्शन आज सुटं राहतं. म्हणून वॉर्निंग तुमच्या रोजच्या कॉन्फिगमध्ये न येता रँडकॉन्फिग, म्हणजे रँडम पर्याय निवडलेल्या, बिल्डमध्ये येते.

अंदाज चुकण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण इनलाइन असेंब्लीचं, म्हणजे सी कोडच्या आतच लिहिलेल्या असेंब्लीचं. जीसीसी असेंब्लीचा मजकूर समजून घेत नाही. तो नुसत्या ओळी आणि अर्धविराम मोजतो. एक्स८६ वर ‘बग’ या मॅक्रोतून प्रत्यक्षात दोन बाइटची ‘यूडी२’ ही एकच इन्स्ट्रक्शन निघते. पण त्याच असेंब्लीत बग टेबलची नोंद दुसऱ्या सेक्शनमध्ये ढकलणाऱ्या बऱ्याच ओळी असतात. जीसीसी त्या सगळ्या इन्स्ट्रक्शन म्हणून मोजतो आणि दोन बाइटचं काम त्याला भलंमोठं वाटतं. यावर जीसीसी ९ पासून ‘एएसएम इनलाइन’ असं लिहायची सोय आहे. मग तो त्या असेंब्लीचा आकार कमीत कमी धरतो. कर्नलमध्ये त्यासाठी ‘एएसएम_इनलाइन’ हा मॅक्रो आहे. तुमचं छोटं फंक्शन केवळ असेंब्लीमुळे सुटं राहत असेल, तर फंक्शनवर जबरदस्ती करण्याआधी हा मॅक्रो वापरून पाहा. अंदाज दुरुस्त झाला की निर्णय आपोआप सुधारतो.

कंपायलरने नकार का दिला हे त्यालाच विचारता येतं. जीसीसीला केसीफ्लॅग्ज या मेकच्या व्हेरिएबलमधून ‘-एफऑप्ट-इन्फो-इनलाइन-मिस्ड’ द्या, क्लँगला ‘-आरपास-मिस्ड=इनलाइन’ द्या, आणि एकच ऑब्जेक्ट फाईल बिल्ड करा. सगळा कर्नल अशा पर्यायासह बिल्ड केलात तर लॉग वाचता वाचता रात्र होईल.

प्रश्न: ‘ऑब्जटूल: अमुक फंक्शन: कॉल टू तमुक लीव्ह्ज .नोइन्स्ट्र.टेक्स्ट सेक्शन’ ही वॉर्निंग ऑब्जटूल या ऑब्जेक्ट फाईल तपासणाऱ्या साधनाकडून आली. तमुक हे हेडरमधलं एका ओळीचं, फ्लॅग तपासणारं इनलाइन फंक्शन आहे. ‘इन्स्ट्रुमेंटेशन_बिगिन’ आणि ‘इन्स्ट्रुमेंटेशन_एंड’ यांच्या मध्ये ती ओळ टाकली की वॉर्निंग जाते. तेवढं पुरे ना?
– राजारामपुरी

उत्तर: नाही. कृपया ते परत काढा.

‘नोइन्स्ट्र’ (इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे माग काढणारा किंवा तपासणारा जादा कोड, नको) ही खूण ५.८ कर्नलमध्ये, २०२० साली आली. एक्सेप्शन किंवा इंटरप्ट आल्या आल्या जो पहिला कोड चालतो, तिथे आरसीयू (शेअर्ड डेटा लॉकशिवाय वाचू देणारी कर्नलची यंत्रणा) अजून जागा झालेला नसतो आणि संदर्भाची, म्हणजे आपण आता कर्नलमध्ये शिरलो आहोत याची, नोंद झालेली नसते. अशा वेळी एफट्रेस, केप्रोब या माग काढणाऱ्या साधनांचा किंवा केसॅनसारख्या सॅनिटायझरचा कोड मध्ये शिरला, तर तो अशा सुविधा वापरायला जातो ज्या त्या क्षणी चालू नाहीत. कधी चुकीचा ट्रेस मिळतो, कधी पुन्हा तेच एक्सेप्शन येऊन मशीन आडवं होतं. म्हणून तो कोड वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवतात, त्यात इन्स्ट्रुमेंटेशन होऊ देत नाहीत, आणि त्या सेक्शनमधून बाहेर जाणारा प्रत्येक कॉल ऑब्जटूल पकडतो.

तुमचं एका ओळीचं फंक्शन इनलाइन झालं असतं तर ते बोलावणाऱ्याच्या सेक्शनचाच भाग बनलं असतं. ते सुटं राहिलं, साध्या .टेक्स्टमध्ये गेलं, आणि तिथे त्याच्यात केसॅनचा किंवा केकोव्हचा कोड शिरायला वाट मोकळी झाली. इथे __ऑल्वेज_इनलाइन हाच बरोबर इलाज आहे, कारण फंक्शन कुठल्या सेक्शनमध्ये राहतं यावरच कोडचा बरोबरपणा ठरतो. पहिल्या प्रश्नातली गोष्ट इथेही लागू: ते फंक्शन आत आणखी कुणाला बोलावत असेल तर साखळीच्या टोकापर्यंत जा. फंक्शन मोठं असेल आणि नोइन्स्ट्र कोडमधून अनेक ठिकाणांहून बोलावलं जात असेल, तर त्याची प्रत सगळीकडे चिकटवण्यापेक्षा त्यालाच नोइन्स्ट्र करा.

बिगिन-एंडची जोडी याच्या उलट सांगते: ‘इथपर्यंत सगळी तयारी झाली आहे, आता इन्स्ट्रुमेंटेशन चालेल.’ तुमच्या ओळीच्या आधी आरसीयू आणि संदर्भाची तयारी खरोखर झालेली असेल तरच ती जोडी खरी. नसेल तर तुम्ही ऑब्जटूलला खोटं सांगितलं, आणि ते खोटं केप्रोब लावणाऱ्या दुसऱ्याच माणसाला पुढे कधीतरी महागात पडेल.

याचीच चुलत बहीण म्हणजे ‘विथ यूॲक्सेस एनेबल्ड’ अशी वॉर्निंग. एक्स८६ वर यूजर मेमरीला हात लावण्यापुरता ‘एसी’ फ्लॅग उघडतात आणि लगेच मिटतात. एक्सेप्शन आलं तर फ्लॅग जपून ठेवला जातो, पण साध्या कॉलमधून शेड्यूलर गाठला गेला तर तो तसा जपला जात नाही आणि फ्लॅग दुसऱ्या टास्कमध्ये उघडाच राहू शकतो. म्हणून त्या दोन टोकांच्या मधे सुटा कॉल नको. तिथलं छोटं मदतनीस फंक्शन सक्तीने इनलाइन करा. नाहीतर त्याचं काम फ्लॅग उघडण्याआधीच उरकून किंमत लोकल व्हेरिएबलमध्ये धरा. जमत असेल तर हा दुसरा मार्ग आम्हाला जास्त पसंत आहे.

प्रश्न: ३२-बिट एआरएम बोर्डवरच्या आमच्या ड्रायव्हरमध्ये वेग यावा म्हणून चार-पाच फंक्शन्सना __ऑल्वेज_इनलाइन लावलं. आता ‘फ्रेम साइज १०२४ बाइटपेक्षा मोठी’ अशी वॉर्निंग येते. मर्यादा २०४८ केली तर चालेल?
– गोकुळ शिरगाव

उत्तर: मर्यादा वाढवू नका. ‘फ्रेम_वॉर्न’, म्हणजे एका फंक्शनने स्टॅकवर घ्यायच्या जागेची (फ्रेमची) मर्यादा, ३२-बिटवर १०२४ आणि ६४-बिटवर २०४८ का आहे याचं उत्तर स्टॅकच्या आकारात आहे. ३२-बिट एआरएमवर कर्नल स्टॅक एका टास्कला ८ केबी असतो, आणि तो सिस्टिम कॉलपासून तुमच्या ड्रायव्हरच्या तळापर्यंत सगळ्यांनी मिळून वापरायचा असतो. त्यातला चौथा हिस्सा एकट्या फंक्शनने घेतला तर इतरांनी जायचं कुठे?

फ्रेम वाढण्याचं कारण साधं आहे. मदतनीस फंक्शनमध्ये ५१२ बाइटचा बफर आहे असं धरा. फंक्शन सुटं असताना तो बफर कॉलपुरता स्टॅकवर यायचा आणि परतताना जायचा. इनलाइन झाल्यावर तो बोलावणाऱ्याच्या फ्रेममध्ये कायमचा बसतो. ज्या वाटेवर त्याची गरजही नाही त्या वाटेवरसुद्धा. तीन ठिकाणी बोलावलंत तर कंपायलर तिन्ही बफरना एकच जागा देण्याचा प्रयत्न करतो, पण तसं होईलच असं नाही. केसॅन चालू असताना तर ते फारच कमी वेळा जमतं.

म्हणून मोठा लोकल डेटा असलेल्या फंक्शनला उलट ‘नोइनलाइन_फॉर_स्टॅक’ लावा. नावातच कारण लिहिलेलं असल्याने पुढचा माणूस ते काढायला धजावत नाही. बफर खरोखरच मोठा असेल तर केमॅलॉक करा, म्हणजे तो स्टॅकबाहेरच्या मेमरीत घ्या. कोणत्या फंक्शनची फ्रेम किती हे ‘मेक चेकस्टॅक’ने एका यादीत मिळतं. आणि मूळ हेतू वेगाचा होता, तर आधीचा आणि नंतरचा व्हीएमलिनक्स (बिल्ड झालेल्या कर्नलची फाईल) ‘ब्लोट-ओ-मीटर’ला द्या, ही स्क्रिप्ट कर्नलच्याच स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये आहे. कोणतं फंक्शन किती बाइटने फुगलं ते ती सांगते. फुगलेला कोड इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये मावत नाही आणि छोट्या प्रोसेसरवर उलट हळू चालतो. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये तीन ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनला इनलाइन लावू नये असा ढोबळ नियम आहे. अपवाद असा, की एखादा आर्ग्युमेंट कंपाइल करतानाच ठाऊक असेल आणि त्यामुळे बहुतेक कोड गळून पडणार असेल. तुमच्या ड्रायव्हरची फंक्शन्स या अपवादात बसत नसतील तर तिथून __ऑल्वेज_इनलाइन काढून टाका. वेगासाठी लावलेली जबरदस्ती मोजमापाशिवाय ठेवू नये.

प्रश्न: रजिस्टरमध्ये बिटफील्ड भरायला ‘यू३२_एन्कोड_बिट्स’भोवती माझं छोटं स्टॅटिक इनलाइन फंक्शन आहे, मास्क (कोणते बिट भरायचे ते) त्याचा आर्ग्युमेंट. ‘-ओ२’ या नेहमीच्या ऑप्टिमायझेशनला बिल्ड होतं. आकारासाठी ऑप्टिमाइझ केलं की ‘बॅड बिटफील्ड मास्क’ म्हणून बिल्ड तुटतं. मास्क तर बरोबर आहे! आणि शोधाशोध करताना ‘ऑल्वेज इनलाइन’ ॲट्रिब्यूट थेट लावून पाहिला तर ‘माइट नॉट बी इनलाइनेबल’ अशी आणखी एक वॉर्निंग आली.
– इचलकरंजी

उत्तर: मास्क बरोबरच आहे. बिल्ड तुटतं कारण कंपायलरला तो दिसत नाही. यू३२_एन्कोड_बिट्सच्या आत एक अट आहे: मास्कमधले बिट सलग नसतील तर ‘__बॅड_मास्क’ला बोलाव. हे फंक्शन कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्यावर फक्त ‘मला कुणी बोलावलं तर एरर दे’ असा ॲट्रिब्यूट आहे. मास्क स्थिर असेल तर अट खोटी आहे हे कंपायलरला कंपाइल करतानाच कळतं, तो कॉल पुसून टाकतो आणि एररचा प्रश्न येत नाही. अट खरी ठरली तर बिल्ड तोडणारं ‘बिल्ड_बग_ऑन’ही याच तत्त्वावर चालतं.

आकारासाठीच्या ‘-ओएस’ पर्यायात तुमचं फंक्शन सुटं राहिलं. त्या सुट्या प्रतीत मास्क हा नुसता आर्ग्युमेंट आहे, कुठलीही किंमत असू शकते. अट पुसता येत नाही, कॉल उरतो, एरर येतो. स्थिर किंमत जिथे लिहिली आहे तिथपासून यू३२_एन्कोड_बिट्सपर्यंत मधलं प्रत्येक फंक्शन __ऑल्वेज_इनलाइन करा. यू३२_एन्कोड_बिट्स स्वतः आधीपासून तसंच आहे. साखळीत कच्ची कडी तुमची होती. ‘स्टॅटिक की’ (कर्नल चालू असताना कोडची वाट बदलणारा स्विच) वापरणाऱ्या फंक्शन्सनाही हेच लागू. तिथे असेंब्लीला पत्ता स्थिर हवा असतो, आणि तो तसा मिळाला नाही तर ‘इम्पॉसिबल कन्स्ट्रेंट’ असा एरर येतो.

दुसरी वॉर्निंग सोपी आहे. ॲट्रिब्यूट लावला, पण ‘इनलाइन’ हा शब्द लिहिला नाही, की जीसीसी ती देतो. कर्नलच्या __ऑल्वेज_इनलाइन मॅक्रोत इनलाइन हा शब्द आधीच आहे, तेव्हा मॅक्रोच वापरा, ॲट्रिब्यूट हाताने लिहू नका.

यानंतर ‘इनलायनिंग फेल्ड’ असा एरर आला तर कोलनच्या पुढचा मजकूर वाचा, कारण तिथेच असतं. नेहमीची कारणं अशी: फंक्शन स्वतःलाच बोलावतं. त्याचा मजकूर या फाईलमध्ये नाही, नुसतं डिक्लरेशन आहे. त्यात बदलत्या संख्येचे आर्ग्युमेंट वाचले जातात. किंवा दोन फंक्शन्सचे सॅनिटायझर ॲट्रिब्यूट जुळत नाहीत. शेवटचं कारण केसॅनच्या बिल्डमध्ये भेटतं. केसॅन बंद केलेल्या फंक्शनमध्ये केसॅन चालू असलेलं फंक्शन जीसीसी मिसळत नाही, आणि त्यासाठी कर्नलने ‘__नो_केसॅन_ऑर_इनलाइन’ हा वेगळा मॅक्रो ठेवला आहे. क्लँगच्या बाबतीत मात्र सावध राहा. तो अशा काही ठिकाणी एरर न देता गुपचूप कॉल तसाच ठेवतो. फंक्शनचा पत्ता कॉलबॅक म्हणून कुठे दिला असेल तर दोन्ही कंपायलर सुटी प्रत ठेवतातच. म्हणून शेवटचा शब्द एनएमचा.

प्रश्न: अशी दुरुस्ती मूळ कर्नलला पाठवायची आहे. एका शब्दाचा पॅच आहे, लिहायचं काय?
– उद्यमनगर

उत्तर: शब्द एक असला तरी वर्णन पुरं हवं. ‘वॉर्निंग घालवली’ एवढंच लिहिलेला पॅच परत येण्याचीच शक्यता जास्त. वॉर्निंगची ओळ जशीच्या तशी द्या. ती मधे मोडू नका, म्हणजे तीच अडचण आलेल्या दुसऱ्याला शोधल्यावर सापडेल. कंपायलर कोणता आणि त्याची आवृत्ती कोणती, कोणत्या कॉन्फिगने ती येते हे सांगा. मग कारण लिहा: सुट्या प्रतीत नेमकं काय चुकतं, सेक्शन, स्थिर किंमत, की इन्स्ट्रुमेंटेशन. तुम्ही __इनिट किंवा नोइन्स्ट्र न लावता __ऑल्वेज_इनलाइन का निवडलं याला एक वाक्य पुरतं. ब्लोट-ओ-मीटरचा शेवटचा आकडा जोडा.

एखाद्या ठरावीक कमिटमुळे वॉर्निंग सुरू झाली असेल तर ‘फिक्सेस’ टॅगमध्ये त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि कंसात शीर्षक द्या. पॅच तपासणारं ‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट_मेंटेनर’ने तो कोड सांभाळणाऱ्यांचे पत्ते काढा. पाठवण्याआधी जीसीसी आणि क्लँग दोन्हींनी, जादा वॉर्निंग्ज दाखवणारं डब्ल्यू=१ लावून, निदान एक ३२-बिट आणि एक ६४-बिट बिल्ड करून बघा. एका कंपायलरची वॉर्निंग घालवताना दुसऱ्याची फ्रेम साइज ओलांडली, असं नेमकं अशाच एका शब्दाच्या पॅचमध्ये होतं.